डेटाबेस कार्यक्षमतेचे मापन

संगणकातील डेटाबेस ठराविक वेळात किती व्यवहार पुरे करतो, हे ठरविण्याची पद्धती. बँकेतील देवघेव, आगगाडीचे आरक्षण, वखारीतील मालाची नोंद ही अशा व्यवहारांची परिचित उदाहरणे होत. नव्या पिढीचा प्रोसेसर बसविल्यास तोच डेटाबेस किती पट वेगाने चालेल, या प्रश्नावर मोठ्या खरेदीचे निर्णय अवलंबून असतात. तथापि प्रोसेसरचा वेग वाढला म्हणजे डेटाबेसचा वेग त्याच प्रमाणात वाढतो असे नाही.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी १९८३ मध्ये पृच्छांवर आधारलेली एक प्रमाण चाचणी प्रसिद्ध केली. पुढे जिम ग्रे व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये ‘डेटामेशन’ या नियतकालिकात निनावी लेखाद्वारे बँकव्यवहारांची चाचणी सुचविली. ९५ टक्के व्यवहारांना एका सेकंदाच्या आत उत्तर मिळावे आणि वेगाबरोबर यंत्रणेचा पाच वर्षांचा खर्चही सांगावा, अशा तिच्या अटी होत्या. विक्रेते मात्र सोयीनुसार अटी सैल करून मोठे आकडे जाहीर करू लागले. हा गोंधळ थांबविण्यासाठी ऑम्री सर्लिन यांच्या पुढाकाराने ८ कंपन्यांनी १९८८ मध्ये ‘ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग परफॉर्मन्स कौन्सिल’ ही संस्था स्थापन केली. तिची ‘टीपीसी-सी’ ही चाचणी (१९९२) घाऊक व्यापाऱ्याच्या पाच प्रकारच्या व्यवहारांवर आधारलेली असून तीत दर मिनिटाला नोंदल्या जाणाऱ्या नव्या मागण्या मोजतात. तिचे नियम पाळून एका वखारीमागे मिनिटाला कमाल १२·८६ मागण्याच मोजल्या जाऊ शकतात. त्यामुळे मोठ्या निष्कर्षासाठी डेटाबेस व साठवणूकही वाढवावी लागते.

प्रोसेसरच्या पिढ्यांची तुलना येथेच कठीण होते. १९९९ मध्ये अनास्तासिया आयलामाकी व त्यांच्या सहसंशोधकांनी पेंटियम दोन झिऑन प्रोसेसरवर चार व्यापारी डेटाबेस तपासले. सरासरीने सुमारे निम्मा वेळ प्रोसेसर नुसता खोळंबून राहतो, असे त्यांना आढळले. विखुरलेल्या नोंदी मुख्य स्मृतीतून आणाव्या लागतात आणि स्मृतीचा वेग प्रोसेसरइतका वाढलेला नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. म्हणून प्रोसेसरला लागून असलेली द्रुत स्मृती, अर्थात कॅश, वाढविल्याने होणारा लाभ कित्येकदा स्पंदगती वाढविण्याच्या लाभाहून अधिक असतो. २००५ च्या सुमारास स्पंदगतीची वाढ मंदावून एकाच प्रोसेसरमध्ये अनेक गाभे बसविण्याकडे कल झाला. परंतु अनेक व्यवहार एकाच नोंदीसाठी अडून राहिल्यास जादा गाभ्यांचा उपयोग मर्यादित होतो. शिवाय सॉफ्टवेअरचा परवाना गाभ्यांच्या संख्येवर आकारल्यास खर्चाचे गणितही बदलते.

‘टीपीसी-सी’चा १९९२ मधील पहिला निष्कर्ष मिनिटाला ५४ मागण्यांचा होता, २०२० मध्ये ‘ओशनबेस’ या डेटाबेसने यंत्रांच्या मोठ्या समूहावर ७० कोटी ७३ लाखांचा टप्पा गाठला. ही वाढ सव्वा कोटी पटींहून अधिक असली, तरी तीत प्रोसेसरचा वाटा किती व यंत्रसंख्येचा, साठवणुकीचा वा सॉफ्टवेअरचा किती, हे त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. पिढ्यांची खरी तुलना करावयाची, तर डेटाबेसची आवृत्ती, विदेचा आकार, स्मृती, साठवणूक व व्यवहारांचे मिश्रण ही सर्व स्थिर ठेवून केवळ प्रोसेसर बदलावा लागतो. प्रत्यक्षात नव्या प्रोसेसरला बहुधा नवी स्मृती व नवा मदरबोर्ड लागत असल्याने ही अट पूर्णपणे क्वचितच पाळली जाते. त्यामुळे प्रसिद्ध आकडे दिशादर्शक मानून अंतिम निर्णय स्वतःच्या व्यवहारांवर घेतलेल्या चाचणीवरून करणे श्रेयस्कर ठरते.