पाठीवरचा चिरा: मिरजेच्या मिशन हॉस्पिटलपासून दुर्बिणीच्या नळीपर्यंत

आजचा धागा गडकोटांचा नाही, माणसाच्या कण्याचा आहे.

सातारा-सांगली हा कष्टाचा मुलूख. उसाच्या मोळ्या आणि हळदीची पोती उचलणाऱ्या या भागात कंबर धरली नाही असे घर विरळा. आता तालुक्याच्या गावीही ‘दुर्बिणीतून मणक्याची शस्त्रक्रिया, छोटा छेद’ अशा पाट्या दिसतात आणि घरोघरी वाद रंगतो, जुने मोठे ऑपरेशन बरे की नवे छोटे? या वादाचे मूळ शोधायला शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

त्याही आधी काय होते? कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्याचा, पाय पाठीला लावून घ्यायचा. कळ पायात उतरली की डाग द्यायचा. यातली डागणी निव्वळ खेडवळ समजूत नव्हे. कंबरेपासून पायात उतरणाऱ्या या दुखण्याला चरकसंहितेत ‘गृध्रसी’ म्हटले आहे आणि त्यावरच्या उपायांत अग्निकर्मही आहे. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. निरीक्षण अचूक होते, पण कारण ठाऊक नव्हते.

१८८९ साली विल्यम वॉन्लेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. लोकांच्या तोंडी ते ‘मिशन हॉस्पिटल’. मोतीबिंदूपासून पोटाच्या शस्त्रक्रियांपर्यंत त्याची कीर्ती पसरली आणि रेल्वेचे जंक्शन असल्याने दूरदूरचे रुग्ण मिरजेत उतरू लागले. मिरज आज डॉक्टरांचे गाव म्हणून ओळखले जाते, त्याची पायाभरणी इथली.

येथे एक तारीख लक्षात ठेवा. रॉंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली, म्हणजे मिरजेचे रुग्णालय उभे राहिल्यानंतर. त्या काळी जगातला कोणताही सर्जन पाठ उघडण्यापूर्वी आतला मणका पाहू शकत नव्हता.

याचा अर्थ काय, हे १८८७ सालच्या लंडनमधल्या एका शस्त्रक्रियेवरून कळते. व्हिक्टर हॉर्स्ली कण्यातली गाठ काढायला बसले. अपेक्षित जागी ती सापडेना. छेद वर वाढवला, आणखी एका मणक्याची कमान काढली, तेव्हा कुठे गाठ दिसली. रोगी पुढे चालू लागला. मोठा चिरा हा त्या पिढीचा हट्ट नव्हता. न दिसणारी गोष्ट शोधण्याचा तोच मार्ग होता.

आपल्याकडे कण्याचा मोठा शत्रू होता क्षय. मणका पोखरला जाई, कुबड येई, पाय लुळे पडत. सांगली-मिरजेच्या मधल्या वान्लेसवाडीचे नाव क्षयरोग्यांच्या आरोग्यधामामुळेच पडले. क्षयाने खचणाऱ्या कण्यासाठी १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि आल्बी यांनी रोग्याचेच हाड वापरून मणके एकमेकांना जोडण्याच्या पद्धती मांडल्या. आजच्या ‘फ्युजन’ शस्त्रक्रियेचे हे पूर्वज.

मग गादी सरकण्याचे काय? १९०९ च्या सुमारास बर्लिनमध्ये ओपेनहाइम आणि क्राउझे यांनी सरकलेली गादी काढली, रोग्याला आराम पडला. पण ती कूर्चेची गाठ आहे असे त्यांना वाटले! हाती आलेली वस्तू ओळखायला आणखी पंचवीस वर्षे गेली. १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिले की, दोन मणक्यांमधल्या गादीचा तुकडा बाहेर येऊन नस दाबतो आणि म्हणून पाय दुखतो. गृध्रसीच्या एका प्रमुख कारणाला शेवटी चेहरा मिळाला.

त्यानंतर पाठीच्या शस्त्रक्रियांची लाटच आली. लांब छेद, स्नायू हाडापासून सोलून बाजूला करणे, मणक्याची मागची कमान काढणे आणि पुढे दीर्घ अंथरूण. आजोबांच्या पिढीने ‘मणक्याच्या ऑपरेशनची’ धास्ती घेतली ती यामुळे. फ्युजनच्या मार्गाने महाराष्ट्रात नाव झाले ते मूळचे गोव्याचे, मुंबईच्या सायन रुग्णालयात काम केलेले डॉ. प्रेमानंद रामाणी यांचे. पाठीमागून शिरून दोन मणक्यांच्या मधोमध हाड बसवण्याची, मूळ अमेरिकी सर्जन क्लॉवर्ड यांची पद्धत त्यांनी भारतात रुजवली.

चिरा लहान झाला, तो मात्र सुरीच्या करामतीने नव्हे. १९७१ साली पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, पुढे एमआरआय आला; नस नेमकी कुठे दाबली आहे ते आधीच कळू लागले. १९७७ मध्ये यासार्गिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाखाली गादी काढण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ यांनी जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर रुंदीची नळी स्नायूंतून, ते न सोलता, सरकवली आणि दुर्बिणीने काम केले. डोळा आत पोचला, म्हणून हात मागे राहू शकला.

म्हणजे छोटा चिरा जिंकला? थांबा. नेदरलँड्समध्ये ३२८ रुग्णांवर चाचणी झाली: अर्ध्यांना नळीची पद्धत, अर्ध्यांना सूक्ष्मदर्शकाची नेहमीची. २००९ साली निष्कर्ष आले. नळी सरस ठरली नाहीच, उलट वेदनेच्या मोजमापात किंचित मागे पडली. त्याआधी १९८३ मध्ये नॉर्वेच्या वेबर यांनी दाखवले होते की, वर्षभरात शस्त्रक्रिया झालेले पुढे असतात, पण दहा वर्षांनी शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले जवळपास सारखेच. मला विचाराल तर या इतिहासातले सर्वांत कमी वाचले गेलेले पान हेच. (लघवी-शौचावरचा ताबा सुटणे किंवा पाय झपाट्याने लुळा पडणे ही वेगळी गोष्ट, तिथे वाट पाहायची नसते.)

जुना चिराही संपलेला नाही. क्षयाने वाकलेला कणा सरळ करायचा किंवा अनेक मणके जोडायचे, तर आजही अनेकदा पाठ मोठी उघडावी लागते.

आणि नुसत्या जुनाट पाठदुखीत, जिथे कोणतीच नस दाबलेली नाही, तिथे लहान चिरा की मोठा हा प्रश्नच बहुधा उद्भवत नाही. म्हणून फिल्म उजेडात धरण्याआधी जाणता डॉक्टर विचारतो तो प्रश्न गृध्रसीच्या काळापासूनचा आहे: दुखणे पाठीतच थांबते, की पायात उतरते?