शालेय ग्रंथालयातील ग्रंथनिवड आणि फेरविचार

शालेय ग्रंथालयातील ग्रंथनिवड : शाळेतील मुलांसाठी पुस्तके, नियतकालिके, कोश, नकाशे व दृक्‌श्राव्य साहित्य पारखून घेण्याची, ते संग्रहात ठेवण्याची आणि वेळ आल्यावर काढून टाकण्याची पद्धती. नवी खरेदी, जुन्या संग्रहाची छाननी आणि आक्षेप आलेल्या पुस्तकाचा फेरविचार ही तिची तीन अंगे. खरेदीकडे बहुतेक शाळांचे थोडेफार लक्ष असते. छाननी कपाटे भरून गेल्यावर आठवते आणि फेरविचाराचे नियम तर भांडण उभे राहिल्यावरच शोधले जातात. या पद्धतीचा कस मात्र फेरविचाराच्या वेळीच लागतो.

पाठ्यपुस्तक वर्गातल्या प्रत्येक मुलाला वाचावेच लागते. ग्रंथालयातले पुस्तक मूल आपण होऊन उचलते आणि आवडले नाही तर परत ठेवते. म्हणून पाठ्यपुस्तकाची कसोटी ग्रंथालयाला जशीच्या तशी लावता येत नाही. सगळ्यांना मानवेल असेच पुस्तक घ्यायचे ठरवले, तर कपाटात बोधकथा आणि थोरांची चरित्रे एवढेच उरेल. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, अशी दोन सूत्रे आहेत. शाळेतला वाचक एकसारखा नसतो, हे त्यात गृहीतच आहे. अमेरिकी ग्रंथपाल लेस्टर ॲशाइम यांनी 1953 मध्ये निवड आणि बंदी यांतला फरक स्पष्ट केला : निवड करणारा पुस्तक घेण्याची कारणे शोधतो, तर बंदी घालणारा ते नाकारण्याची. या विषयावरचे पुढचे बरेचसे लेखन याच फरकावर उभे आहे.

निवड कोण करतो : अमेरिकेत शाळेचे निर्वाचित मंडळ लेखी धोरण ठरवते आणि प्रशिक्षित ग्रंथपाल त्यानुसार पुस्तके निवडतो. प्रत्येक नवे पुस्तक वाचणे त्यालाही शक्य नसते. त्यामुळे तो ‘स्कूल लायब्ररी जर्नल’, ‘बुकलिस्ट’ आणि 1924 पासून निघणारे ‘हॉर्न बुक’ अशा परीक्षण-नियतकालिकांचा आधार घेतो. त्यांतली परीक्षणे छोटी असतात. पुस्तक कोणत्या वयासाठी आहे आणि कुठे कमी पडते, हे त्यांत सांगितलेले असते.

महाराष्ट्रात मोठी पटसंख्या असलेल्या माध्यमिक शाळांत ग्रंथपाल असतो. लहान आणि प्राथमिक शाळांत ग्रंथालयाचा ‘चार्ज’ एखाद्या शिक्षकाकडे असतो. वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणे सांभाळून तो हे काम करतो. ‘समग्र शिक्षा’ योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. पैसे उशिरा आले की मार्चअखेर ते खर्ची टाकायची घाई होते. मग विक्रेता गठ्ठा आणतो, दरपत्रके जुळतात, बिल होते आणि पुस्तके कोणीही न वाचता दाखल होतात. काही वेळा यादीच वरून ठरून येते. यात शिक्षकाचा दोष थोडा आहे. मराठीत दर महिन्याला नव्या बालपुस्तकांची नेटकी, निर्भीड परीक्षणे देणारी भक्कम परंपरा उभी राहिली नाही, हे मूळ दुखणे आहे. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमाची 2020 पासून निघणारी निवडक यादी इंग्रजी आणि हिंदी बालपुस्तकांची आहे. मराठी शिक्षकाच्या हाती साहित्य अकादमीचा 2010 पासून दिला जाणारा बालसाहित्य पुरस्कार, राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार, नॅशनल बुक ट्रस्टची सूची आणि ‘बालभारती’चे 1971 पासून चालू असलेले ‘किशोर’ मासिक एवढी साधने राहतात. ती उपयोगी आहेत, पण पुरेशी नाहीत. त्यामुळे पुस्तक हातात घेऊन पाहण्याला पर्याय नाही.

प्रत्यक्ष पारख : पहिली-दुसरीच्या चित्रपुस्तकात अक्षर ठळक व मोठे आहे का, जोडाक्षरे सुटी दिसतात का, ओळ अर्थाच्या ठिकाणी तुटते की शब्दाच्या मध्येच, हे आधी पाहावे. चित्राच्या गडद भागावर काळा मजकूर छापलेला असेल, तर नुकते वाचू लागलेले मूल तिथेच अडते. बांधणी शिलाईची आहे की पिनांची, हेही बघावे. पिना गंजतात आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर मधली पाने सुटतात. अनुवादित पुस्तकाची परीक्षा सोपी आहे. एक पान वर्गात मोठ्याने वाचावे. वाचताना शिक्षकच वाक्य मनात दुरुस्त करू लागला, तर ते मराठी कच्चे आहे. चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा ‘तोत्तोचान’चा मराठी अनुवाद या कसोटीवर सहज टिकतो. मूळ पुस्तक जपानी आहे, याची आठवण मुलांना क्वचितच होते.

यापुढची पारख आशयाची. गोष्टीत निर्णय कोण घेते आणि पाणी आणून देण्याचे काम कोणाकडे जाते? मुलीला काही करायला मिळते की तिला फक्त वाचवले जाते? आदिवासी मूल नाचण्यापुरते आणि अपंग मूल दया येण्यापुरतेच आले आहे का? एखाद्या जुन्या पुस्तकात असे काही सापडले म्हणून ते लगेच टाकून द्यायचे नाही. मात्र सगळे कपाट तशाच पुस्तकांनी भरलेले असेल, तर पुढच्या खरेदीची दिशा आपोआप ठरते. निकष एकेका पुस्तकापेक्षा संग्रहाला लावावेत, असे ग्रंथपाल म्हणतात ते याच अर्थाने. गडचिरोलीत गोंडी-माडिया, मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली आणि पावरी बोलणारी मुले शाळेत येतात. त्यांच्या ग्रंथालयात घरच्या भाषेतले एकही पुस्तक नसणे, ही निवडीतली उणीव मानायला हवी. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’ या खुल्या संग्रहामुळे अशी पुस्तके मिळवणे, छापणे, क्वचित स्वतः अनुवादित करणे आता शक्य झाले आहे.

वयाचा प्रश्न सर्वांत नाजूक. छापील वयोगट हा अंदाज असतो. सहावीतली एखादी मुलगी नववीचे पुस्तक पचवते, तर नववीतल्या मुलाला चौथीचे पुस्तक हवे असते. कप्पे इयत्तांप्रमाणे लावावेत, पण वरच्या कप्प्याला कुलूप नसावे. आपल्या पाल्याने एखादे पुस्तक वाचू नये, असे सांगण्याचा पालकाला पूर्ण अधिकार आहे आणि शाळेने त्याची नोंद ठेवून तो पाळावा. इतरांच्या मुलांसाठी निर्णय घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

छाननी व निर्लेखन : पालघर हा महाराष्ट्राचा 36 वा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. तेलंगण त्याच वर्षी जूनमध्ये वेगळे राज्य बनले. जम्मू-काश्मीरचे केंद्रशासित प्रदेश 2019 मध्ये झाले, तर प्लूटोची गणना 2006 पासून ग्रहांत होत नाही. तरीही 35 जिल्ह्यांचा नकाशासंग्रह आणि नऊ ग्रहांची सूर्यमाला शाळेच्या कपाटात सुखाने नांदताना दिसतात. चुकीची माहिती, जीर्ण प्रत, नवी आवृत्ती निघालेली असणे, मजकूर उथळ असणे, शाळेला उपयोग नसणे किंवा तेच साहित्य दुसरीकडे सहज मिळणे, ही पुस्तक काढण्याची कारणे टेक्सास राज्य ग्रंथालयाने प्रसारित केलेल्या छाननी-पद्धतीत दिली आहेत. पुस्तकातला विचार कोणाला पटत नाही, हे कारण त्यांत नाही.

आपल्याकडे छाननी अडते ती नोंदवहीमुळे. पुस्तक दाखल नोंदवहीत चढले की ते शाळेची मालमत्ता होते. पडताळणीत एक प्रत कमी भरली, तर किंमत आपल्याकडून वसूल होईल, ही शिक्षकाची भीती खोटी नाही. त्यापोटी वाळवी लागलेली पुस्तकेही निर्लेखनाच्या ठरावाची वाट पाहत पडून राहतात आणि नवी कोरी पुस्तके हरवू नयेत म्हणून कुलपात जातात. दरवर्षी ठरावीक टक्के फाटणे-हरवणे वाचनाचा भाग म्हणून मान्य केले, तर एकाही रुपयाच्या जादा अनुदानाविना राज्यातली कितीतरी कपाटे उघडतील.

फेरविचार, आयलंड ट्रीज प्रकरण : पुस्तक कसे काढू नये, याचा सर्वांत तपशीलवार दाखला न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर मिळतो. आयलंड ट्रीज या शालेय जिल्ह्याच्या मंडळाचे तीन सदस्य सप्टेंबर 1975 मध्ये पालकांच्या एका पुराणमतवादी संघटनेच्या परिषदेला गेले आणि आक्षेपार्ह पुस्तकांच्या याद्या घेऊन परतले. नोव्हेंबरमधल्या एका रात्री, शाळेत कार्यक्रम चालू असताना, त्यांच्यापैकी दोघांनी माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात जाऊन सूचिपत्रे चाळली. यादीतली नऊ पुस्तके तिथे निघाली. आणखी एक कनिष्ठ शाळेत आणि एक बारावीच्या अभ्यासक्रमात सापडले. या अकरांत कर्ट व्हॉनेगट यांची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’, रिचर्ड राइट यांचे ‘ब्लॅक बॉय’ आणि लँग्स्टन ह्यूज यांनी संपादित केलेला कृष्णवर्णीय लेखकांच्या कथांचा संग्रह होता. बर्नार्ड मॅलमड यांची ‘द फिक्सर’ आणि ऑलिव्हर लाफार्ज यांची ‘लाफिंग बॉय’ या तर पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या कादंबऱ्या.

फेब्रुवारी 1976 मध्ये मंडळाने पुस्तके काढायला सांगितले. जिल्ह्याच्या अधीक्षकांनी लेखी हरकत घेतली : आक्षेप आल्यास समिती नेमायची, असे आपलेच धोरण आहे, ते आधी पाळा. मंडळाने ऐकले नाही. गाजावाजा झाल्यावर मात्र चार पालक आणि चार शालेय कर्मचारी यांची समिती नेमली गेली. तिचा निर्णय वाचण्यासारखा आहे. पाच पुस्तके ठेवावीत, दोन काढावीत, एक पालकांच्या संमतीने द्यावे. दोन पुस्तकांवर एकमत झाले नाही. अकराव्या पुस्तकावर तिने मतच दिले नाही, कारण सर्व सदस्यांना ते वाचता आले नव्हते. न वाचलेल्या पुस्तकावर मत द्यायचे नाही, हा फेरविचाराचा पहिला नियम त्या आठ जणांनी पाळला. मंडळाने मात्र जुलैमध्ये ‘लाफिंग बॉय’ विनाअट आणि ‘ब्लॅक बॉय’ पालकांच्या संमतीच्या अटीवर परत ठेवून बाकीची नऊ काढली. समितीच्या शिफारशी का डावलल्या, याची कारणे दिली नाहीत.

स्टीव्हन पिको आणि आणखी चार विद्यार्थ्यांनी जानेवारी 1977 मध्ये दावा लावला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 25 जून 1982 रोजी पाच विरुद्ध चार मतांनी विद्यार्थ्यांना पुढे खटला चालवण्याची मुभा दिली. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांच्या मताचा आशय असा, की पुस्तकातले विचार नापसंत आहेत एवढ्याच कारणावरून शाळेचे मंडळ ते ग्रंथालयातून काढू शकत नाही; शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य असल्यास काढू शकते. हे मत अभ्यासक्रमाला किंवा नव्या खरेदीला लागू नव्हते आणि त्याला पूर्ण बहुमतही नव्हते. त्यामुळे त्याचा आधार पुढे तोकडा पडत राहिला. ऑगस्ट 1982 मध्ये मंडळाने पुस्तके परत ठेवण्याचे ठरवले.

अमेरिकेत 2021 पासून हा वाद पुन्हा पेटला आहे. ‘पेन अमेरिका’ या लेखक-संघटनेने 2023-24 या एका शालेय वर्षात पुस्तके काढल्याच्या किंवा अडवल्याच्या दहा हजारांहून अधिक घटना नोंदवल्या. तात्पुरती काढलेली पुस्तकेही तिच्या मोजणीत येतात. टेक्सासने 2023 मध्ये कायदा करून लैंगिक आशयानुसार पुस्तकांची प्रतवारी करण्याचे काम पुस्तकविक्रेत्यांवरच टाकले. त्या तरतुदीच्या अंमलबजावणीला दिलेली मनाई अपील न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये कायम ठेवली.

रीतसर फेरविचार : अमेरिकी ग्रंथालय संघटनेने 1939 मध्ये ग्रंथालय-हक्कांची सनद स्वीकारली. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने 2015 मध्ये शालेय ग्रंथालयांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांची दुसरी आवृत्ती काढली. चांगल्या धोरणांत रूढ झालेली रीत साधारण अशी आहे. आक्षेप घेणाऱ्याशी ग्रंथपालाने आधी शांतपणे बोलावे. अनेक तक्रारी इथेच मिटतात, कारण पालकाला आपले म्हणणे कोणी ऐकावे एवढेच हवे असते. समाधान झाले नाही, तर लेखी अर्ज घ्यावा. अर्जात पुस्तक पूर्ण वाचले का आणि नेमका आक्षेप कोणत्या पानावर आहे, हे विचारावे. शिक्षक, पालक आणि शक्य तर वरच्या वर्गातला एखादा विद्यार्थी यांच्या समितीने पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावे. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहावे. निर्णय कारणांसह लेखी द्यावा आणि त्याच पुस्तकावर काही वर्षे नवा अर्ज घेऊ नये. यांपैकी निकालापर्यंत पुस्तक जागेवर ठेवण्याचा नियम सर्वांत मोलाचा आहे. दडपण आल्यावर पहिल्यांदा तोच मोडतो आणि पुस्तक एकदा ‘तात्पुरते’ कार्यालयात गेले की परत आणायला कोणी जात नाही.

महाराष्ट्रातील स्थिती : बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या 2009 च्या कायद्याने वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय प्रत्येक शाळेला आवश्यक केले आहे. पुस्तके कशी निवडावीत आणि तक्रार आल्यास काय करावे, याबद्दल ही अट घालणाऱ्या कायद्याच्या परिशिष्टात काही नाही. आपल्याकडे म्हणूनच पुस्तक जाते ते गुपचूप : कोणीतरी दूरध्वनी करतो, मुख्याध्यापकांना कटकट नको असते आणि प्रत कपाटातून नाहीशी होते. अर्ज नाही, समिती नाही, कागदही नाही. ज्या शिक्षकाने ते पुस्तक आवडीने घेतले होते, तो पुढच्या वेळी निरुपद्रवी पुस्तकेच मागवतो.

याच कायद्याने नेमायला लावलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. फेरविचारासाठी याहून चांगला पाया शोधून सापडणार नाही. प्रत्येक शाळेने दोन पानांचे ग्रंथनिवड धोरण या समितीच्या ठरावाने मंजूर करून घ्यावे, जूनमधल्या पहिल्या पालकसभेत ते वाचून दाखवावे आणि आक्षेप-अर्जाचा नमुना ग्रंथालयाच्या दारावर लावावा.