ग्रीस गन

ग्रीस गन हे शेतीयंत्रे, वाहने इत्यादींच्या सांध्यांत व बेअरिंगांत घट्ट वंगण (ग्रीस) दाबाने भरण्याचे साधन आहे. नळकांड्यातील स्प्रिंग दट्ट्यामार्फत ग्रीस पुढे सारते. तरफ दाबली की छोटा पंप ते नळीवाटे यंत्रावरील निपलमध्ये ढकलतो. आज रूढ असलेल्या निपलचे पेटंट ऑस्कर झर्क यांना १९२९ साली मिळाले.

निवड

लांब तरफेची गन अधिक दाब देते, पण ती चालवताना दोन्ही हात गुंततात. पिस्तुलासारख्या मुठीची गन एका हाताने चालते; मात्र सुकलेल्या ग्रीसने तुंबलेल्या निपलपुढे ती बहुधा हात टेकते. ट्रॅक्टर व रोटाव्हेटर यांना जोडणाऱ्या पीटीओ शाफ्टच्या क्रॉसवरील निपल अडचणीच्या जागी असते. तेथे ताठ नळी पोहोचत नाही, लवचीक नळी लागते.

खरी पारख नळीच्या टोकाच्या कपलरची. वेष्टनावरील दाबाचा आकडा कितीही मोठा असला, तरी कपलरचे जबडे निपलला घट्ट धरत नसतील तर ग्रीस बाजूनेच बाहेर येते. डब्यातून ग्रीस भरताना आत हवा अडकून पंप कोरडा चालतो. म्हणून हवा काढण्याची झडप असलेली गन सोयीची ठरते.

धोका

हातगनमध्येही शेकडो बार दाब निर्माण होतो. चिरलेल्या नळीतून उडणारी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. तरीही तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट गमवावे लागू शकते. त्यामुळे नळीची दाबमर्यादा गनच्या कमाल दाबाहून कमी नसावी.