गट नकाशाचा फोटो आणि 33 फुटी साखळी

"गट नकाशाचा फोटो आहे, केएमएल करून मोबाईलवर बघता येईल का?" हा प्रश्न सारखा येतो. येईल की. पण ती फाईल घेऊन शेजाऱ्याच्या बांधावर जायच्या आधी तो नकाशा कसा जन्मला ते बघा.

पेशवाई गेल्यावर प्रिंगलसाहेबाने पुणे भागात जमिनी मोजून सारा बसवला. तो इतका चढा झाला की लोक रानं टाकून निघाले. मग 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्याने सुरुवात केली, आणि 1847 मध्ये त्या पद्धतीचे नियम पक्के झाले. एका बैलजोडीला वाहता येईल एवढं रान, या अंदाजाने सर्व्हे नंबर पाडले. शंकूने काटकोन धरायचा, साखळीने अंतर मोजायचं. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. साखळी लांब, साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. आपण आजही त्याच साखळीत बोलतो.

आता गंमत बघा. लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून देशभराच्या त्रिकोणी मोजणीला हात घातला, तिच्यात अक्षांश-रेखांश होते. गावच्या साखळीला त्यांची गरज नव्हती. सरकारला हवं होतं क्षेत्र आणि सारा. म्हणून जुन्या गाव नकाशावर हा नंबर त्या नंबराला लागून आहे एवढं कळतं, पृथ्वीवर तो नेमका कुठे बसतो ते कळत नाही. पुढे 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याने सर्व्हे नंबरांचे गट झाले, तरी हे काही बदललं नाही.

म्हणजे जेपीजीचं केएमएल करणं हे नुसतं फाईल बदलणं नाही. जो पत्ता कागदावर कधी नव्हताच, तो आपण त्याला देतोय. क्यूजीआयएस फुकट आहे, त्यात नकाशा उघडायचा आणि ओळखीच्या खुणा उपग्रहाच्या चित्राशी जुळवायच्या. तीन गावांच्या हद्दी मिळतात तो दगड, जुनी विहीर, देऊळ. ओढा शक्यतो नको, तो पात्र बदलतो. तीन खुणांवर काम भागतं, पण मी सहा-आठ घेतो, आणि त्याही चारी कोपऱ्यांत पसरून. कागद घडीवर ताणलेला असतो, फोटो तिरका असतो. कुठली खूण किती चुकतेय ते प्रोग्रॅम दाखवतो, तो आकडा वाचा. एवढं केल्यावर पत्ता असलेलं चित्र मिळतं, त्याला जिओटिफ म्हणतात. त्यावरून गटाची रेघ हाताने गिरवली की मगच खरं केएमएल.

केएमएलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश लिहितात. उलटं झालं तर पुण्याचं शेत नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात!

आता बांधाचं. नकाशाचं प्रमाण 1:10000 असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे रानात 10 मीटर, जवळजवळ पुरी साखळी. नुसती रेघच अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर तिच्याखालीच सोळा फूट गेले. मोबाईलवर ती केसासारखी बारीक दिसते, आणि माणसं तेवढ्यावर कुऱ्हाडी काढतात. पाईपलाईन किती लागेल, ठिबकचा आराखडा, गटातून ओढा कुठून जातो, याला हे केएमएल झकास. हद्दीच्या भांडणात मात्र टिपणाची नक्कल काढा आणि सरकारी मोजणी आणा. टिपणावर साखळीचे आकडे लिहिलेले असतात, ते कागद ताणला म्हणून बदलत नाहीत.

आणि एक. जेपीजीच्या जोडीला सहा ओळींची पत्त्याची छोटी फाईल असेल तर दोन्ही एकत्र पाठवा, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की चित्र बारीक होतं आणि त्या सहा ओळींचा हिशोब लागत नाही.