रेड हिल: डोंगराच्या पोटातलं इंधन

आज हवाईला जायचंय. किनाऱ्यावर नाही, एका डोंगराच्या पोटात.

पर्ल हार्बरच्या मागे रेड हिल नावाची डोंगरधार आहे. डिसेंबर 1940 मध्ये अमेरिकन नौदलाने ती पोखरायला घेतली. बंदरावरच्या उघड्या टाक्या शत्रूच्या विमानांना आयत्या सापडतील ही भीती. गंमत बघा, वर्षभराने जपानने हल्ला केला तेव्हा त्या उघड्या टाक्यांना हातसुद्धा लावला नाही! खोदकाम मात्र चालूच राहिलं. 1943 पर्यंत 20 टाक्या उभ्या राहिल्या. एकेक 250 फूट उंच, पावणेपाच कोटी लिटर मावेल एवढी. आणि तळाखाली साधारण 100 फुटांवर होनोलुलूचं पिण्याचं पाणी.

जानेवारी 2014 मध्ये दुरुस्त करून पुन्हा भरलेली 5 नंबरची टाकी गळली. सुमारे एक लाख लिटर इंधन गेलं. मग पर्यावरण खात्यांशी करार झाला, निरीक्षण विहिरी वाढवायचं ठरलं.

आपल्याकडे निरीक्षण विहीर म्हटलं की भूजलवाले टेप सोडून पातळी मोजतात ते आठवतं. ही वेगळी. बोअरमध्ये बारीक नळी, खाली चिरा पाडलेली जाळी, भोवती वाळू, वर फुगणाऱ्या मातीचं बूच, सिमेंट आणि कुलूपबंद झाकण. नमुना घेताना आधी सावकाश उपसा करायचा. तापमान, सामू, प्राणवायू यांचे आकडे स्थिरावले की मगच बाटली भरायची, तीही आत एक बुडबुडा न ठेवता, कारण बेंझीन त्या हवेत निघून जातं. लगेच बर्फात. शिवाय देखभाल: जाळीत गाळ बसला तर उपसून साफ करायची, सिमेंट तडकलं तर बुजवायचं. नाहीतर वरची घाण त्याच भोकातून खाली जाते, म्हणजे पहारेकऱ्यानेच दार उघडून दिल्यासारखं.

पण विहीर फक्त जिथे आहे तिथलंच सांगते. हवाईचा खडक ज्वालामुखीचा, भेगांचा, पोकळ्यांचा. पाणी कुठे वळेल याचा नेम नाही. टाक्यांखालचं पाणी शेजारच्या हलावा खोऱ्याकडे जातं का, यावर नौदल आणि शहराचं पाणी मंडळ वर्षानुवर्षं भांडत होते.

आणि शेवटी इंधन आलं ते भलत्याच वाटेने. 6 मे 2021 ला इंधन हलवताना दाबाने नळ फुटला. सांडलेलं बरंचसं, 70-75 हजार लिटर, आग विझवण्याच्या यंत्रणेच्या सांडपाणी नळात शिरलं आणि सहा महिने कुणाला पत्ता नाही! सगळं गोळा झालं अशीच समजूत. 20 नोव्हेंबरला भुयारातल्या गाडीची धडक त्या नळाला बसली. इंधन बाहेर आलं आणि नौदलाच्या स्वतःच्या पाणी उपसण्याच्या विहिरीत पोचलं. आठवड्याभरात घराघरांतून तक्रारी: नळाला रॉकेलसारखा वास, पोटदुखी, अंगावर पुरळ. त्या जाळ्यावर सुमारे 93,000 माणसं होती. म्हणजे धोक्याची घंटा निरीक्षण विहिरीने नाही, लोकांच्या नाकांनी वाजवली. मला या सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात लागतं.

नौदलाची विहीर 28 नोव्हेंबरला बंद झाली. 2 डिसेंबरला पाणी मंडळाचे प्रमुख अर्नी लाऊ यांनी हलावाचा उपसाही थांबवला. तिथे इंधन सापडलं नव्हतं. पण पंप चालू ठेवला तर पाण्याबरोबर इंधनही तिकडे ओढलं जाईल, म्हणून. शहराचं सुमारे 20 टक्के पाणी त्या विहिरीचं होतं. लोकांना काटकसर करायला सांगावं लागलं.

मार्च 2022 मध्ये टाक्या कायमच्या बंद करायचं जाहीर झालं. ऑक्टोबर 2023 पासून जवळपास 40 कोटी लिटर इंधन उतरवून जहाजांत भरलं गेलं. टाक्या रिकाम्या झाल्या तेव्हाही हलावाचा पंप बंदच होता, आणि डोंगरावर नव्या विहिरी खणणं, नमुने काढणं चालू होतं.