सोन्याचा पालना आणि जोंधळ्याचे बळद

‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण कानांवर न पडता वाढलेले मूल जालन्याच्या आसपासच्या मुलखात विरळाच. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर लागते. अशा गावात ही म्हण ऐकली म्हणजे पोरांच्या डोळ्यांपुढे खराखुरा सोन्याचा पाळणा उभा राही. म्हणीला आधार होता तो जालन्याच्या पेठेचा. ही पेठ इतकी सधन होती की, १६७९ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजेने तिच्यावर धाड घातली. परंतु पेठेतले सोने पेठेतच राहिले. खेड्यातल्या मुलाने जी श्रीमंती पाहिली तिचा रंग पिवळा नव्हता, जोंधळ्यासारखा पांढुरका होता.

ज्याच्या दारी चार बैलजोड्या, ज्याच्या वाड्याला दगडी दिंडी आणि ज्याच्या बळदात दोन सालांचा जोंधळा, तो श्रीमंत. एवढी सोपी ती व्याख्या होती. रोकड पैसा गावात दिसेच थोडा. सुतार-लोहारांना बलुते मिळे ते धान्याचे, सालगड्याचा हिशेब बव्हंशी धान्याचा. आणि वाण्याकडून गुळाचा खडा हवा असला तर पोरे ओंजळीत दाणेच घेऊन धावत. सणही तोच धडा देत. वसुबारसेला गाय-वासराची पूजा, धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य, भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढे धान्याच्या राशी. अशा घरातल्या मुलाला धन आणि धने हे शब्द एकच वाटले तर त्याला कोण हसणार?

पैसा आला तोही दोन रूपांनी. निजामी राज्यात हाली सिक्का चाले. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. सहा कलदारांना सात हाली, असा पुढे त्यांचा भाव ठरला. नाणे दिसायला रुपयाच, मग एक दुसऱ्याहून मोठा कसा, हे कोडे पोरांना सुटत नसे. मोठ्यांना तरी किती जणांना सुटत होते!

या राज्याचा धनी तर जगातला सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून गाजलेला. २२ फेब्रुवारी १९३७ च्या ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाने निजाम मीर उस्मान अली खान यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले, ते याच बिरुदासह. जेकब नावाचा सुमारे १८४ कॅरटांचा हिरा ते कागदावर वजन म्हणून ठेवीत, आणि स्वतः मात्र जुनी टोपी व साधे कपडे वापरीत. श्रीमंत कसा ओळखावा, याविषयी पोरांनी बांधलेला प्रत्येक आडाखा या एका माणसाने चुकवला असता.

पण बळदाच्या श्रीमंतीलाही दुसरी बाजू होती, आणि ती सगळ्याच पोरांना सारखी दिसत नसे. वाड्यातल्या मुलाला भरलेले बळद दिसे. गड्याच्या मुलाला बापाने पावसाळ्यात तिथून आणलेले दाणे दिसत, आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने केलेली त्यांची परतफेडही दिसे. म्हणजे मणाला सव्वा मण, नाही तर दीड मण. त्याच्या लेखी श्रीमंत म्हणजे ज्याला आषाढात कुणाच्या दारी रिकामे पोते घेऊन उभे राहावे लागत नाही तो. दोन्ही मुले एकाच गावची. व्याख्या मात्र दोन.

पुढे राज्ये बदलली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी गेली. १९५९ मध्ये हाली सिक्का बाद झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. परभणी जिल्ह्यातला परतूर तालुका, आणि त्याबरोबर वाटूर, १९८१ साली नव्या जालना जिल्ह्यात आले. परंतु गावाच्या श्रीमंतीची खरी परीक्षा झाली ती १९७२ च्या दुष्काळात. विहिरी आटल्या, बळदांचे तळ दिसले, आणि काल ज्यांच्या दारी बैल होते त्या घरचीही माणसे खडी फोडायला गेली. परदेशी तांबडा मिलो आणि सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवर कायमची राहिली. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती.

त्या दुष्काळाच्या अनुभवानेच १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. हाताला काम मागण्याचा हक्क त्याने दिला. मजुरी ती किती, आणि तिने श्रीमंत तो कोण होणार! पण गड्याच्या पोराची व्याख्या ताडून पाहा. रिकामे पोते घेऊन कुणाच्या दारी उभे न राहणे ही जर श्रीमंती, तर तिची पहिली पायरी कायद्याच्या कागदावर प्रथमच लिहिली गेली होती.

यंदा लक्ष्मीपूजनाला घरातल्या पोरांना सहज विचारा, श्रीमंत कोण? कुणी मोटारीचे नाव घेईल, कुणी उंच इमारतीचे. हसू नका. पोरे जे डोळ्यांना दिसते तेच सांगतात. म्हणून त्यांच्या उत्तरात आपल्या घराचा आणि आपल्या काळाचा जमाखर्च सापडतो. वाटूरच्या पोरांच्या उत्तरांत तो असाच सापडला.