शंकासुराचे बी

पुण्यातली फुलझाडे इंग्रजी बागांनी आणली, हा समज अर्धाच खरा आहे. वेस्टर्न इंडियाची ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी 1830 ची. तिच्या एम्प्रेस गार्डनचे ऋण मोठेच. पण शंकासुराची साक्ष वेगळी आहे. मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले हे झुडूप 1678 ते 1693 दरम्यान छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथात आढळते. म्हणजे सोसायटीच्या कितीतरी आधी ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर रुजले होते.

मलबारचा पुरावा पुण्याला कसा लागू, असा आक्षेप रास्त आहे. त्यातून पुण्यात ते कधी आले हे ठरत नाही. पण त्याला इंग्रजी बागेची गरज नव्हती, एवढे नक्की दिसते. मग ते पसरले कसे, याचे उत्तर बियांत आहे. चपटी शेंग वाळली की तडकते, सालींना पीळ पडतो, तपकिरी बिया उडतात. कवच टणक, म्हणून बी दगडावर किंचित घासून रात्रभर पाण्यात भिजवायचे. कलम नको, माळी नको. असे झाड पुडीतून घरोघर जाऊ शकते. म्हणून छाटणीपूर्वी आपल्या आवारातल्या चार शेंगा राखा आणि बी शेजाऱ्यांना द्या.